अर्धवट गरम झालेला जर्मेनियम डिटेक्टर: गणपतीच्या सुट्टीनंतरचं एक प्रकरण

जर्मेनियम डिटेक्टर (गॅमा किरणांची ऊर्जा बारकाईने मोजणारं, द्रव नायट्रोजनने थंड ठेवलेलं उपकरण) बिघडला की पहिला संशय जातो पावसावर, दुसरा अर्थिंगवर. नवी मुंबईत सप्टेंबरमध्ये दोन्ही संशय रास्तच असतात. इथे मात्र दोन्ही चुकीचे निघाले आणि त्यात पाच दिवस गेले. प्रकरण प्रशिक्षणासाठी रचलेलं आहे, कुठल्याही एका संस्थेचं नाही. आकडे नमुन्याचे असले तरी हिशेबाने एकमेकांशी जुळतात, तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन वाचलं तर जास्त उपयोग होईल.

प्रयोगशाळा ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका संस्थेची. काम ठाणे खाडीतला गाळ आणि आसपासची माती यांतली नैसर्गिक किरणोत्सारिता मोजण्याचं. डिटेक्टर पी-टाइप कोअॅक्शिअल एचपीजीई (अतिशुद्ध जर्मेनियमचा), सापेक्ष कार्यक्षमता ३० टक्के. म्हणजे कोबाल्ट-६० चा स्रोत २५ सेंटिमीटरवर ठेवला तर १३३२.५ केईव्हीच्या (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) पीकमध्ये, म्हणजे स्पेक्ट्रममधल्या त्या ऊर्जेच्या उंचवट्यात, ३ बाय ३ इंची सोडियम आयोडाइड क्रिस्टलच्या ३० टक्के मोजणी मिळते. बायस (क्रिस्टलला दिलेलं व्होल्टेज) +३५०० व्होल्ट, सर्टिफिकेटप्रमाणे पूर्ण डिप्लीशन (सगळा क्रिस्टल मोजणीला तयार होणं) २५०० व्होल्टला. खाली ३० लिटरचा ड्यूअर (द्रव नायट्रोजनची थर्मासारखी टाकी), वरून त्यात उतरणारी डिपस्टिक (क्रिस्टलला थंडावा पोचवणारा दांडा), भोवती १० सेंटिमीटर शिसं.

दख्खनच्या बेसाल्टमध्ये युरेनियम-थोरियम मुळातच कमी. पीक बारीक येतात, एकेका नमुन्याला दिवसभर मोजावं लागतं. सगळी मदार रिझोल्यूशनवर, म्हणजे जवळजवळच्या ऊर्जा वेगळ्या दाखवण्यावर. थोरियम साखळीतल्या शिसं-२१२ ची २३८.६ केईव्हीची रेषा आणि युरेनियम साखळीतल्या शिसं-२१४ ची २४२.० ची, यांच्यात जेमतेम ३.४ केईव्हीचं अंतर. पीकची रुंदी १ केईव्हीच्या आत असेल तर दोन्ही सुटी दिसतात. रुंदी २ वर गेली की त्या एकमेकींच्या अंगावर चढतात आणि सॉफ्टवेअर क्षेत्रफळाची वाटणी अंदाजाने करू लागतं. (सोडियम आयोडाइडची रुंदी याच भागात पंचवीस-तीस केईव्ही असते, तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही. सगळा एकच डोंगर.)

काय घडलं

शुक्रवारी दुपारी तीनला ड्यूअरमध्ये द्रव नायट्रोजन टाकला. लॉगबुकातली नोंद एका शब्दाची: "भरला". प्रत्यक्षात पुरवठादाराचा कॅन अर्धाच आला होता, बाकीचा "सोमवारी देतो" म्हणून राहिला. नंतर हिशेब उलटा मांडल्यावर दिसलं की ड्यूअरमध्ये त्या वेळी साधारण १६.५ लिटर होते. या डिटेक्टरचा रोजचा खप १.८ लिटर, म्हणजे नऊ दिवसांची बेगमी. सोमवारी कॅन आला नाही. बुधवारी गणपती बसले, निम्मा विभाग कोकणात गेला. जे मागे राहिले त्यांनी लॉगबुकात "भरला" वाचलं आणि भरलेला ड्यूअर पंधरा दिवस जातो या हिशेबाने निर्धास्त राहिले.

शुक्रवारीच चार वाजता शिशाच्या रिकाम्या शिल्डमध्ये पार्श्वभूमीची लांब मोजणी लावून ठेवली होती. सुट्टीचा हा उत्तम उपयोग. दर वीस मिनिटांनी स्पेक्ट्रम वेगळ्या फाइलमध्ये साठेल अशी सोय होती, आणि पुढे हीच सोय कामी आली.

ड्यूअर कोरडा पडला रविवारी संध्याकाळी, साताच्या सुमारास. थंड दांडा हळूहळू तापू लागला आणि सोमवारी पहाटे २.४० ला तापमान-संवेदकाने बायस बंद पाडला. शटडाऊनची तार एचव्ही (उच्च व्होल्टेज) मॉड्यूलला नीट जोडलेली होती म्हणून प्रीॲम्पचा एफईटी (संकेताची पहिली वाढ करणारा नाजूक ट्रान्झिस्टर) वाचला. बऱ्याच ठिकाणी ही तार काढून ठेवलेली सापडते, कारण नवीन मॉड्यूलची शटडाऊन-पद्धत जुन्या प्रीॲम्पशी जुळत नाही आणि "सारखं ट्रिप होतंय" म्हणून कोणीतरी ती सोडवलेली असते.

सोमवारी सकाळी साडेआठला विद्यार्थी आला. एचव्हीवर लाल दिवा, डिपस्टिकच्या गळ्याशी हिमाचा मागमूस नाही, ड्यूअर ढकलून पाहिला तर हलका. साडेअकराला पुरवठादाराची गाडी आली. फोनवरचं बोलणं एवढंच:

"सर, ड्यूअर कोरडा आहे, पण एलएनटू आलंय. भरू का?"

"भर, भर लगेच. क्रिस्टल थंड आहे तोवर भरलं तर संध्याकाळी चालू करता येईल."

ऐकायला अगदी शहाणपणाचं वाटतं. बिघाड झाला तो याच वाक्याने. सहा तास थांबून साडेपाचला एचव्ही चढवला. ३५०० पर्यंत गेला, ट्रिप झाला नाही. पण शिल्डमध्ये कुठलाही स्रोत नसताना डेड टाइम (यंत्र आधीच्या स्पंदात गुंतलेलं असण्याचा वेळ) ४ टक्के दिसत होता, आणि स्पेक्ट्रमच्या डाव्या टोकाला नॉइजची (निरर्थक संकेतांची) भिंत उभी राहिली होती.

चुकीच्या दिशेने गेलेले पाच दिवस

पहिले दोन दिवस दमटपणाला दोष देण्यात गेले. उच्च व्होल्टेजचे एसएचव्ही कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, प्रीॲम्पच्या डब्यात नवीन सिलिका जेल ठेवलं, एसी आणि डिह्युमिडिफायर रात्रंदिवस चालवले. फरक शून्य. दमटपणाने होणारी गळती साधारणपणे थांबून-थांबून येते: ऑसिलोस्कोपवर मध्येच मोठे टोकदार स्पंद दिसतात, कधी ऐकूही येतात, आणि खोली कोरडी झाली की कमी होतात. इथे नॉइज एकसारखा, शांत, जाडसर पट्ट्यासारखा होता. हे पहिल्याच दिवशी नोंदवलं गेलं होतं, त्याचा अर्थ कोणी लावला नाही.

पुढचे दोन दिवस अर्थिंगचे. निम बिन (इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवायची चौकट), संगणक आणि ऑसिलोस्कोप तीन वेगवेगळ्या सॉकेटवर होते, ते एका पट्टीवर आणले. ५० हर्ट्झची बारीक लहर होती ती गेली. ते काम कधीतरी करायचंच होतं. पीकची रुंदी मात्र तेवढीच.

पाचव्या दिवशी क्रिस्टलभोवतीचा निर्वात तपासला, आणि ही चाचणी मात्र पद्धतशीर झाली. ड्यूअर प्लॅटफॉर्म काट्यावर ठेवून २४ तासांतली घट पाहिली: १.४५ किलो. द्रव नायट्रोजनची घनता लिटरला ०.८०७ किलो, म्हणजे १.८ लिटर, नेहमीएवढीच. निर्वात फुटला असता तर खप दुप्पट-तिप्पट झाला असता आणि सप्टेंबरच्या हवेत एंड कॅपवर (क्रिस्टलवरच्या टोपणावर) दव धरलं असतं. कॅप कोरडी ठणठणीत होती. म्हणजे बाहेरून हवा आत येत नव्हती.

वर्गांची वजाबाकी

एवढ्यावर "डिटेक्टर कंपनीला पाठवू" असा सूर निघाला. पाठवायचा म्हणजे काही महिने गेले. त्याआधी अर्ध्या तासाचं काम बाकी होतं.

कोबाल्ट-५७ (१२२ केईव्ही) आणि कोबाल्ट-६० (१३३२ केईव्ही) चे स्रोत लावून दोन रुंदी घेतल्या. अर्ध्या उंचीवरची पूर्ण रुंदी, शेपिंग टाइम (ॲम्प्लिफायर स्पंदाला आकार द्यायला घेतो तो वेळ) ६ मायक्रोसेकंद. बिघाडाआधी १२२ केईव्हीला ०.८९ आणि १३३२ ला १.८६ केईव्ही होती. आता अनुक्रमे १.९६ आणि २.५५.

नुसतं पाहिलं तर "दोन्हीकडे वाढली" एवढंच कळतं. पण रुंदीचे घटक सरळ बेरजेने जमत नाहीत, वर्गांच्या बेरजेने जमतात. म्हणून वजाबाकीही वर्गांचीच करायची. १२२ ला: ३.८४ वजा ०.७९, उरले ३.०५. १३३२ ला: ६.५० वजा ३.४६, उरले ३.०४. दोन्हीकडे सारखेच. वर्गमूळ १.७५ केईव्ही.

या एका ओळीत निम्मं निदान झालं. क्रिस्टलमध्ये प्रभार नीट गोळा होत नसेल (उदाहरणार्थ न्यूट्रॉनच्या माऱ्याने जाळीत दोष पडले असतील) तर बिघाड ऊर्जेबरोबर वाढतो, १३३२ ची पीक फार फुगते, तिला डावीकडे शेपूट फुटतं आणि १२२ जवळजवळ शाबूत राहते. त्वरकावर बीमसमोर वापरल्या जाणाऱ्या चार क्रिस्टलच्या क्लोव्हर डिटेक्टरांत हा नेहमीचा आजार. खाडीच्या गाळापुढे ठेवलेल्या डिटेक्टरला तो व्हायचं कारण नाही, आणि आकडेही तेच सांगत होते. ऊर्जा कुठलीही असो, भर तेवढीच पडतेय, म्हणजे दुखणं इलेक्ट्रॉनिक नॉइजचं.

मग नॉइज कुठल्या जातीचा? प्रीॲम्पच्या टेस्ट इनपुटला पल्सर (एकसारखे कृत्रिम स्पंद देणारं यंत्र) जोडून शेपिंग टाइम बदलत गेले. २ मायक्रोसेकंदांना पल्सरची रुंदी १.३५ केईव्ही, ६ ला १.९०, १२ ला २.६०. एफईटी दुखावला असता किंवा कपॅसिटन्स वाढला असता तर उलटं झालं असतं, लांब शेपिंगला रुंदी कमी झाली असती. शेपिंग टाइमच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढणारा नॉइज म्हणजे लीकेज करंट, डिटेक्टरमधून झिरपणारा नको असलेला प्रवाह. लांब शेपिंगला बिघडणारे आणखी दोन चोर आहेत, ५० हर्ट्झ आणि ड्यूअरच्या बुडबुड्यांचा कंप. पण ते ऑसिलोस्कोपवर लहरीसारखे दिसतात. इथे लहर नव्हती.

शेवटची चाचणी सरळ करंट मोजण्याची. प्रीॲम्प रेझिस्टिव्ह फीडबॅकचा, म्हणजे डिटेक्टरचा करंट एका मोठ्या रोधातून वाहतो; हा फीडबॅक रोध २ गिगाओहम. पहिल्या टप्प्याच्या टेस्ट पॉइंटवर मल्टिमीटर लावला की डीसी पातळीतला फरक भागिले २ गिगाओहम म्हणजेच डिटेक्टरचा करंट. मोजताना शिल्डमधले सगळे स्रोत बाहेर काढायचे. सेकंदाला हजार वेळा १ एमईव्ही ऊर्जा पडत असेल तर तिचाच ५४ पिकोअँपिअर करंट होतो आणि माप फसतं. (एका इलेक्ट्रॉन-होल जोडीला २.९६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरून हा आकडा कोणीही काढून पाहावा.) ट्रान्झिस्टर-रिसेट प्रीॲम्प असेल तर हा टेस्ट पॉइंट मिळत नाही, तिथे रिसेट (साठलेला प्रभार सोडून देणं) किती वेळाने होतो ते पाहायचं. करंट वाढला की रिसेट घाईघाईने होऊ लागतात.

बायस चढवत नेला तसं असं दिसलं:

५०० व्होल्टला ०.२४ व्होल्ट, म्हणजे १२० पिकोअँपिअर
१५०० ला ०.६० व्होल्ट, ३०० पिकोअँपिअर
२५०० ला १.१५ व्होल्ट, ५७५ पिकोअँपिअर
३५०० ला १.८० व्होल्ट, ९०० पिकोअँपिअर

धडधाकट असताना याच डिटेक्टरचा ३५०० ला करंट २० पिकोअँपिअर होता. ९०० पिकोअँपिअर आणि ६ मायक्रोसेकंद घेऊन नॉइजचं ढोबळ गणित मांडलं की सुमारे २५० इलेक्ट्रॉन येतात, केईव्हीत १.७४. वजाबाकीतून १.७५ निघाले होते. दोन वेगळ्या वाटांनी एकाच दाराशी पोचलो की शंका उरत नाही.

दुसरी गोष्ट या यादीच्या आकारात आहे. करंट क्रिस्टलच्या पोटातून येत असता तर २५०० ला डिप्लीशन पूर्ण झाल्यावर जवळजवळ स्थिरावला असता. हा पुढेही व्होल्टेजबरोबर चढतोच आहे. ही पृष्ठभागावरची गळती.

गळती आली कुठून

क्रिस्टलच्या बाहेरच्या अंगाला लिथियमचा एन-संपर्क, आतल्या भोकाला बोरॉनचा पी-संपर्क. या दोहोंच्या मधे उघड्या टोकाला जर्मेनियमची एक उघडी पट्टी राहते आणि सगळे ३५०० व्होल्ट तिच्यावर तोललेले असतात. तिच्यावर पाण्याच्या वाफेचा किंवा इतर वायूचा अगदी पातळ थर बसला तरी करंटला पायवाट मिळते.

निर्वात शाबूत असताना वायू आला कुठून, तर आतूनच. क्रायोस्टॅटच्या (क्रिस्टलला निर्वातात थंड ठेवणाऱ्या कवचाच्या) भिंती, ओ-रिंग, प्लास्टिकचे बारीक भाग वर्षानुवर्षं थोडाथोडा वायू सोडत असतात. तो शोषायला थंड दांड्यापाशी मॉलिक्युलर सिव्ह ठेवलेला असतो. द्रव नायट्रोजनच्या तापमानाला तो वायू घट्ट धरून ठेवतो, तापला की सोडून देतो. रविवारी संध्याकाळपासून हेच झालं. दांडा तापला, सिव्हने साठवलेला वायू सोडला, आणि आत जे काही अजून थंड होतं त्यावर तो जाऊन बसला. निर्वातात टांगलेला जर्मेनियमचा गोळा सावकाश तापतो, म्हणजे सगळ्यात उशिरापर्यंत थंड राहिलेली जागा नेमकी तीच. साडेअकराला नायट्रोजन ओतला तेव्हा हा थर होता तिथेच गोठून राहिला. "थंड आहे तोवर भर" यातला थंडपणाच आड आला.

क्रिस्टल पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ दिला तर थर सुटतो. मग पुन्हा नायट्रोजन घातला की द्रवाजवळचा सिव्ह आधी थंड होतो आणि क्रिस्टल थंड व्हायच्या आत वायू ओढून घेतो. अर्ध्या वाटेवरून परत फिरलं की हा क्रम उलटतो. उपाय यातूनच ठरला: पूर्ण गरम करा, मग थंड करा.

दुरुस्ती

एचव्ही १०० व्होल्टच्या पायऱ्यांनी शून्यावर आणला, मॉड्यूल बंद केलं. ड्यूअरमध्ये वीसेक लिटर शिल्लक होते. ते आपोआप उडायची वाट पाहिली तर दहा-अकरा दिवस, म्हणून शिशाचं झाकण काढून दोघांनी डिपस्टिकसह डिटेक्टर सरळ वर उचलला आणि स्टँडवर टांगला. उचलताना तिरका केला की दांडा ड्यूअरच्या मानेवर आपटतो, आणि आतला पातळ आधार तेवढ्यानेही निखळू शकतो. चामड्याचे सैल हातमोजे, चष्मा, पंखा चालू. १ लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो आणि बंद खोलीत तो ऑक्सिजनला हटवतो.

दांड्यावर आधी हिम आणि मग पाण्याच्या धारा. खाली ट्रे ठेवला, प्रीॲम्प प्लास्टिकमध्ये गुंडाळला. गरम होताना एंड कॅपही गार लागते, तिच्यावर दव धरतं; सिव्हमधला वायू बाहेर आल्याने निर्वात तात्पुरता कमकुवत होतो, त्याचं हे लक्षण. घाबरायचं नाही, पण या काळात एंड कॅप कोणाच्या तोंडासमोरही नको. हेअर ड्रायर, हीटर काहीही लावलं नाही. ७२ तास नुसता टांगून ठेवला. न्यूट्रॉन-दोष काढण्यासाठी करतात ते सुमारे १०० अंशांचं अॅनिलिंग वेगळं, त्याला पंप जोडलेला लागतो. ते इथे कोणी करू नये.

तेवढ्या वेळात ड्यूअर रिकामा करून उलटा केला तेव्हा तळातून मूठभर बर्फ निघाला. सुट्टीत कोरडा पडलेल्या ड्यूअरमध्ये दमट हवा शिरली होती. असा बर्फ द्रवात राहिला की बुडबुडे वाढतात आणि कंपाचा नॉइज येतो. ड्यूअर पूर्ण सुकवला, दांडा कोरड्या सुती कापडाने पुसला, मग जोडणी.

नायट्रोजन भरला, दोन तासांनी उकळी बसल्यावर पुन्हा वरपर्यंत भरला. सहा तास पुरले असते, तरी २४ तास थांबले. एचव्ही ५०-५० व्होल्टने, डोळा टेस्ट पॉइंटवर. ३५०० ला ६० पिकोअँपिअर. दोन दिवसांनी २५. रुंदी १२२ ला ०.९१, १३३२ ला १.८८. २३८.६ आणि २४२.० च्या मधली दरी परत दिसू लागली.

एका फेरीत करंट पुरेसा उतरला नसता तर दुसरी फेरी करून पाहिली असती. दोनदा करूनही शेकड्यात राहिला तर मात्र सिव्ह भरत आलाय किंवा बारीक गळती आहे असं धरून क्रायोस्टॅट पंपावर घ्यावा लागतो, आणि ते काम उत्पादकाचं.

मागे उरलेलं काम

नमुन्यांचं फारसं नुकसान नव्हतं. रेडॉन वायू आणि त्याच्या क्षयातून बनणाऱ्या संततीचा समतोल व्हावा म्हणून ते डबे चार आठवडे सीलबंद ठेवायचेच असतात, आणखी दोन आठवड्यांनी काही बिघडत नाही. बिघडलेल्या आठवड्यातले स्पेक्ट्रम रद्द केले.

पार्श्वभूमीची मोजणी मात्र फसवी होती. बायस २.४० ला पडला, पण ॲनालायझरचं घड्याळ साडेआठपर्यंत चालूच होतं. एकूण फाइलवर वेळ दिसत होता ८,३७,००० सेकंद, प्रत्यक्षात डिटेक्टर जिवंत होता ८,१६,०००. तशीच वापरली असती तर पार्श्वभूमी अडीच टक्क्यांनी कमी भरली असती आणि प्रत्येक नमुन्याची सक्रियता थोडी फुगली असती. वीस-वीस मिनिटांच्या फाइली होत्या म्हणून १४६०.८ केईव्हीची पोटॅशियम-४० ची पीक कुठल्या फाइलपासून गायब झाली ते शोधता आलं. शेवटच्या तासांत ड्यूअर कोरडा असताना नॉइज वाढलेला असणार, म्हणून रविवारी संध्याकाळी सहानंतरचं सगळं वगळलं.

ड्यूअर आता कायमचा काट्यावर आहे. लॉगबुकात "भरला" लिहायला जागाच ठेवलेली नाही: भरण्याआधीचं वजन, नंतरचं वजन, आणि नायट्रोजनच्या निव्वळ वजनाला रोजच्या १.४५ किलोने भागून येणारी "कोरडा पडण्याची तारीख", असे तीन रकाने. ड्यूअरच्या मानेला लॅमिनेट केलेली पाटी बांधली आहे: "कोरडा सापडला तर भरू नका. एचव्ही बंद आहे ना पाहा, वेळ लिहा, तीन दिवस हात लावू नका." पुरवठादाराचा माणूस दर खेपेला ती वाचतो आणि विचारतो, भरू की नको?